केळुसकरकाकांच्या खुर्च्या

माझी नोकरीची मुलाखत मेलवर झाली, आणि ती घेणारी बाई तेव्हा जिवंत नव्हती. हे मला सहा महिन्यांनी कळलं. तोवर मी तिला रोज कामाच्या शंका विचारत होते, आणि ती उत्तरं देत होती. एकदा तर तिने मला अंगदुखीवर ओव्याचा शेकही सांगितला होता.

त्याआधी सहा वर्षं मी अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये, नवऱ्याच्या व्हिसावर घरात बसून काढली. नागपूरची केमिस्ट्रीतली एम.एस्सी. गुंडाळून कपाटात ठेवली होती आणि फ्रीज इतका पुसत होते की एकदा त्याच्या दाराचा रंग गेला. शेवटी वर्क परमिट आलं. त्याच आठवड्यात इंडियन ग्रोसरीच्या दुकानातल्या फळ्यावर, कथकच्या क्लासच्या आणि 'रूममेट हवी'च्या मध्ये, एक हाताने लिहिलेलं कार्ड दिसलं. 'हात स्थिर असलेलं माणूस हवं. अर्धा दिवस.' खाली एक मेलचा पत्ता होता. मी बायोडेटा पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता उत्तर आलं. पहिल्या दोन ओळी इंग्रजीत होत्या, मग माझं आडनाव बोबडे आहे हे लक्षात आल्यासारखी बाईंनी भाषा बदलली होती. 'कणीक मोजून घेतेस की अंदाजाने?' एवढा एकच प्रश्न होता. खाली नाव, उषा. हुद्दा, माणसं. फक्त 'माणसं'. मी लिहिलं, 'अंदाजाने. पण पोळ्या उरत नाहीत.' पुन्हा सकाळी सातला उत्तर, 'उरत नाहीत, की उरलेल्या कोणाला दिसू देत नाहीस? सोमवारपासून ये.'

मला ही बाई फार आवडली. बरं, हल्ली निम्मं जग घरून काम करतं. त्यामुळे सोमवारी ऑफिसात त्या दिसल्या नाहीत याचं मला काहीच वाटलं नाही.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानामागचे दोन गाळे. दार उघडलं ते केळुसकरकाकांनी. बुटके, साठी ओलांडलेले, जुलैच्या उकाड्यात हाताने विणलेला राखी स्वेटर घातलेले, आणि शर्टाच्या खिशात चार पेनं. मी नमस्कार केला तर म्हणाले, "श्वास बाहेर सोडून ये." मला वाटलं, कसलीतरी योगासनं आहेत. पण ते खरंच सांगत होते. आतल्या थंड खोलीत इतका नाजूक काटा होता की शेजारी कोणी मोठ्याने उसासा टाकला तरी त्याचे आकडे हलायचे.

आमचं काम सांगायला सोपं आहे. आसपासच्या लॅबमध्ये थेंबाथेंबाने द्रव मोजायला हातात धरायची नळी असते, पिपेट. वापरून वापरून ती थोडं कमी किंवा थोडं जास्त मोजायला लागते. लॅबवाले त्या आमच्याकडे पाठवायचे. आम्ही तिच्यातून पाणी सोडायचो, ते वजन करायचो, दहा वेळा, आकडे लिहायचो, नळी दुरुस्त करायचो आणि सर्टिफिकेट द्यायचो. त्यावर दोन सह्या. एक मोजणाऱ्याची, एक वाचणाऱ्याची. "एकाने मोजायचं, दुसऱ्याने वाचायचं," हे काकांनी मला पहिल्या दिवशी तीनदा सांगितलं. "मोजणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. तो जे लिहायचं होतं तेच वाचतो." मोजणार मी आणि काका. वाचणार उषा.

त्या दोन गाळ्यांत माणसं तीन होती आणि खुर्च्या सात. तिसरं माणूस म्हणजे डेनीस, अठ्ठावन्न वर्षांची गावातलीच बाई, जी व्हॅन चालवायची आणि लॅबमधून पिपेटच्या पेट्या आणायची. खुर्च्या मात्र गराज सेलमधून एकेक करून आणलेल्या, एकीची दुसरीशी सोयरीक नाही. प्रत्येकीच्या पाठीवर चिकटपट्टीने कागद लावलेला. मापन. वाचन. गाडी. माणसं. विक्री. तक्रारी. सातव्या खुर्चीवर 'मालक' लिहिलेलं होतं आणि तिच्यावर बहुतेक वेळा पुठ्ठ्याची खोकी असायची.

या खुर्च्यांमागे काकांचं एक पक्कं मत होतं आणि ते ते कोणालाही ऐकवायचे, पोस्टमनलासुद्धा. लोक कंपनी काढतात म्हणजे काय करतात, तर मेहुण्याला घेतात, मित्राला घेतात, आणि मग त्याला काय काम द्यावं याचा विचार करत बसतात. उलटं आहे ते. आधी खुर्च्या मांडायच्या. कुठली कामं आहेत ते ठरवायचं. मग माणूस शोधायचा, आणि माणूस नसेल तर स्वतः जाऊन बसायचं. पण एका वेळी एकाच खुर्चीत. "विक्रीच्या खुर्चीत बसून तक्रार ऐकली ना, की माणूस खोटं बोलतो," ते म्हणायचे. "उठायचं, तक्रारीच्या खुर्चीत बसायचं, मग ऐकायचं."

हे नुसतं बोलणं नव्हतं. कंपनी सुरू झाली तेव्हा ती दोघंच होती, काका आणि त्यांची बायको उषा. बावन्नाव्या वर्षी काकांची मोठ्या कंपनीतली नोकरी गेली. एका सकाळी बोलावलं आणि दुपारी हातात खोकं घेऊन ते घरी. वेंगुर्ल्याचा माणूस, तीन दिवस गराजमध्ये बसून राहिला. चौथ्या दिवशी उषाताईंनी गराज झाडून काढलं आणि म्हणाल्या, इथेच बसायचं असेल तर काहीतरी मोजत बस. सेकंडहँड काटा त्यांनी शोधला. खुर्च्याही त्यांनीच आणल्या. पहिल्या वर्षी एका लॅबचा चिडलेला फोन आला. काका विक्रीच्या खुर्चीत होते. "वन मोमेंट सर, आय विल ट्रान्सफर यू," असं म्हणून ते फोन हातात धरून उठले, चार पावलं चालले, तक्रारीच्या खुर्चीत बसले आणि वेगळ्याच, मऊ आवाजात हॅलो म्हणाले. उषाताई पोट धरून हसत जमिनीवर बसल्या. हे सांगताना काका अजिबात हसायचे नाहीत. "पण त्या माणसाचं ऐकून घेतलं मी," एवढंच म्हणायचे. "पहिल्या खुर्चीत असतो तर भांडलो असतो."

काका उषाताईंविषयी नेहमी चालू काळात बोलायचे. "उषाला नाही चालणार." "उषा म्हणते डबे आधी लेबल करा." मी एकदा म्हटलं, "काका, एकदा घरी येऊन भेटू का त्यांना?" तर ते पिपेट पुसत म्हणाले, "ती घरी नसते गं." डेनीस तेव्हा दारात पेट्या मोजत होती. तिला मराठी येत नव्हतं, पण नाव कळलं असावं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पेट्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

एक नियम मात्र डेनीसने मला पहिल्याच आठवड्यात सांगितला होता. सकाळी सात ते आठ आत जायचं नाही. "हनी, दॅट्स उषाज अवर," ती म्हणाली. मला वाटलं, त्या वेळी दोघं फोनवर बोलत असतील, सर्टिफिकेटं वाचून दाखवत असतील. एकदा मी चुकून पावणेआठला पोचले आणि काचेतून पाहिलं. काका वाचनाच्या खुर्चीत बसले होते. नाकावर बायकांचा चष्मा, जांभळ्या काडीचा. हातात हिरवं पेन. एरवी ते कोऱ्या चहात तीन चमचे साखर घालून उभ्याने पितात, तेव्हा समोर आल्याच्या चहाचा कप होता आणि ते घोट घोट घेत होते. मान डावीकडे कलती करून वाचत होते. मी त्यांना तशी मान कलती केलेलं कधी पाहिलं नव्हतं. का कोण जाणे, मी गाडीत जाऊन आठ वाजेपर्यंत बसून राहिले.

त्याच महिन्यातली गोष्ट. आदल्या रात्री नितीनशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, माझं जोरात वाजलं होतं. "यार मंजिरी, अर्ध्या दिवसाच्या जॉबचं एवढं काय टेन्शन घेतेस," असं तो म्हणाला आणि मग व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी मी काटा वापरत होते, डोळे सुजलेले, लक्ष नाही. आठवं वजन लिहायचं राहिलं. पुन्हा मोजायचा कंटाळा आला आणि मी सातव्याचाच आकडा आठव्या ओळीत उतरवला. काका दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांना माझे डोळे दिसले नाहीत, आकडाही दिसला नाही. ते कसल्याशा रबरी चकतीविषयी बोलत राहिले.

सकाळी सातला मेल आला. 'मंजिरी, सातवी आणि आठवी ओळ शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी आहे. पाणी असं दोनदा सारखं पडत नाही. परत मोज. आणि रडून झालं असेल तर नवऱ्याला सांग, की अर्धा दिवस काम करणारी बाई अर्धी दमत नाही.'

मी तो मेल नितीनला दाखवला. त्याने तो दोनदा वाचला. मग म्हणाला, "हू इज धिस लेडी? हिला कसं कळलं?" मलाही तोच प्रश्न पडला होता. पण खरं सांगते, मला तेव्हा भीती वाटली नाही. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्याकडे नीट पाहिलं आहे एवढंच वाटलं.

म्हणून संक्रांतीला मी त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं. मॉरिसव्हिलमध्ये हळदीकुंकू सोयीच्या शनिवारी होतं, सगळ्या बायका ब्लॅक साड्या नेसून येतात, मुलं बेसमेंटमध्ये पिझ्झा खातात. मी मेलवर लिहिलं, 'उषाताई, या वेळी नाही म्हणायचं नाही. काकांनी सोडलं नाही तर डेनीसची व्हॅन पाठवते.' एरवी एका दिवसात येणारं उत्तर तीन दिवस आलं नाही. चौथ्या सकाळी आलं. 'येईन असं म्हणत नाही. पण माझं वाण बाजूला काढून ठेव.'

मी ठेवलं. वाणाच्या काचेच्या बरण्या होत्या, त्यातली एक देवापाशी ठेवून दिली. संध्याकाळी देवकाकू आल्या. देवकाकू म्हणजे इथल्या सगळ्यांत जुन्या, निवृत्त डॉक्टर, त्यांच्या ओळखीशिवाय इथे कोणी जन्मलं नाही आणि गेलं नाही. बरणी बघून त्यांनी विचारलं, "ही कोणाची राहिली गं?"

"उषाताई केळुसकरांची. आमच्या ऑफिसातल्या."

देवकाकूंनी हातातला तिळगूळ खाली ठेवला. "उषा केळुसकर? अगं, तिला जाऊन दोन वर्षं झाली. साध्या तापाचं निमित्त झालं. अहेवपणी गेली. मी होते ना तिथे. पाच-सहाच माणसं होतो आम्ही. त्याने कोणाला कळवलंच नाही."

बाकीच्या बायका बोलत होत्या, कोणाचं लक्ष नव्हतं. मी 'हो का' म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. माझ्या फोनमध्ये तिचे त्र्याण्णव मेल होते. मी मोजले.

सोमवारी मी बरणी घेऊन गेले आणि वाचनाच्या खुर्चीवर ठेवली. काकांनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि दुपारी जाताना ती पेपरात गुंडाळून घरी घेऊन गेले. मी गप्प राहिले. दुःखाचा मान ठेवावा, असं मी स्वतःला समजावत होते. पण मंगळवारी सकाळी ट्रेमध्ये सर्टिफिकेटांचा गठ्ठा होता आणि प्रत्येकावर माझी सही, एम.बी., आणि तिच्या शेजारी हिरव्या शाईत यू.के. मग माझं डोकं फिरलं. आयुष्यातली पहिली नोकरी, आणि माझं नाव एका मेलेल्या बाईच्या नावाशेजारी छापून लोकांकडे जात होतं.

"काका, हे खोटं आहे," मी म्हटलं.

"काय खोटं आहे?"

"ही सही. हे मी कशाला सांगायला हवं? त्या नाहीत."

काका मालकाच्या खुर्चीवरची खोकी खाली ठेवून तिच्यात बसले. मी त्यांना तिथे बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते. "न वाचलेलं एकही सर्टिफिकेट इथून गेलेलं नाही," ते म्हणाले. "तिला पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये अकरा पडली होती. मोजलेली मी होती. मोजणाऱ्याने वाचायचं नाही. म्हणून सकाळी तिच्या खुर्चीत बसलो. त्या दिवसापुरतंच. पहिल्याच कागदावर चूक सापडली. माझी चूक, मंजिरी. संध्याकाळी मी तोच कागद दोनदा बघितला होता, दिसली नव्हती. तिथे बसल्यावर दिसली. मग तूच सांग, कोणी वाचलं ते?"

"आणि मेल? मला लिहिलेले? हळदीकुंकवाचा?"

"त्याला 'नाही' असं उत्तर मी लिहिणार होतो. तीन दिवस लिहीत होतो. मला काही सुचेना. चौथ्या दिवशी तिथे बसलो, आणि वाणाचं सुचलं." त्यांनी हात चोळले. "मला हळदीकुंकवातलं काय कळतं?"

खरं म्हणजे मी त्याच दिवशी नोकरी सोडायला हवी होती. सोडली नाही. मला नोकरी हवी होती, हे एक. आणि दुसरं, मला त्या मेलांची सवय झाली होती. पुढचे तीन आठवडे मी सगळं माहीत असून सकाळी सातला फोन हातात घेऊन बसायचे.

मग ओवेन्सचं यायचं ठरलं. एका मोठ्या औषध कंपनीला आपल्या सगळ्या पिपेट आमच्याकडे द्यायच्या होत्या. ते काम मिळालं असतं तर माझा अर्धा दिवस पूर्ण झाला असता, डेनीसला आरोग्य विमा मिळाला असता, आणि आणखी दोन माणसं लागली असती. पण त्याआधी त्यांचा तपासनीस येऊन कंपनी बघणार होता. कोण काय करतं त्याचा तक्ता, प्रत्येक चौकटीतलं नाव, आणि प्रत्येक नावाच्या माणसाची भेट. हा ओवेन्स.

मी बसून सगळी कागदपत्रं तयार केली. वाचनाच्या चौकटीत उषाचं नाव काढून माझं घालायचं, मोजायचं काम काकांनी करायचं, म्हणजे नियम पाळला जाईल. त्यासाठी एकच फॉर्म लागत होता, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा. नाव, हुद्दा, आणि शेवटचा कामाचा दिवस. मी तो काकांसमोर ठेवला.

"इथे काय लिहू?" त्यांनी विचारलं.

आता मी जे बोलले त्याची मला लाज वाटते, पण बोलले. "मागचा शुक्रवार लिहा. ओवेन्स काही डेथ सर्टिफिकेट मागणार नाही. नोकरी सोडली म्हणायचं. लोक सोडतात."

"म्हणजे ती मागच्या शुक्रवारी गेली असं लिहू?"

"दोन वर्षांपूर्वीची खरी तारीख लिहिलीत तर त्यानंतरची सगळी सर्टिफिकेटं खोटी ठरतील काका. कंपनी बंद होईल."

त्यांनी फॉर्म घडी करून खिशात ठेवला, चार पेनांच्या मागे. पुढे ते तो रोज काढून टेबलावर पसरायचे आणि परत घडी घालायचे. डेनीसने एकदा मला हळूच विचारलं, हा एवढा कसला कागद आहे. मी सांगितलं. ती म्हणाली, ही काही नोकरी सोडणार नाही बघ. ही म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. त्या दिवसांत सकाळचे मेल फार छोटे यायला लागले होते. नुसतं 'ठीक' किंवा 'ओळ चार'. आधीची थट्टा गेली होती. शेवटच्या सकाळी, ओवेन्स यायच्या दिवशी, मेल आलाच नाही. मी सात वाजल्यापासून गाडीत बसून होते. काचेतून दिसत होतं, काका वाचनाच्या खुर्चीसमोर उभे होते. बसले नव्हते.

ओवेन्स उंच, हळू बोलणारा, सभ्य माणूस निघाला. काटा बघून खूश झाला. नोंदी बघून खूश झाला. तक्ता बघितला, सर्टिफिकेटांवरच्या सह्या बघितल्या आणि म्हणाला, "आणि यू.के. कोण? यांना कधी भेटता येईल?" माझी तयारी होती. शी लेफ्ट, मिस्टर ओवेन्स. तोंड उघडलंही होतं.

काकांनी खिशातून घडी काढली, टेबलावर सपाट केली, आणि काळ्या पेनाने, त्यांच्या स्वतःच्या पेनाने, शेवटच्या कामाच्या दिवसाच्या रकान्यात तारीख लिहिली. दोन वर्षांपूर्वीची. लिहायला त्यांना फार वेळ लागला. मग कागद ओवेन्सकडे सरकवला.

ओवेन्सने तारीख वाचली, हातातल्या सर्टिफिकेटची तारीख वाचली. "पण हे गेल्या आठवड्यातलं आहे."

"येस," काका म्हणाले. "शी वॉज माय वाइफ. शी डाइड दॅट डे. आफ्टर दॅट, आय रीड फॉर हर."

ओवेन्सने पेनाचं टोपण लावलं. त्याने आवाज चढवला नाही, उलट तो आणखी हळू बोलायला लागला. काम मिळणार नाही, हे त्याने सांगितलं, आणि ते आम्हाला कळलंच होतं. पण आपण हे पाहिल्यावर गप्प बसू शकत नाही, असंही म्हणाला. त्या तारखेनंतर जी जी लॅब तुमच्यावर विसंबून राहिली आहे, तिला लेखी कळवा की दुसरी सही त्या माणसाची नव्हती, आणि का नव्हती. सगळी सर्टिफिकेटं नवीन करा. महिनाभरात. जाताना त्याने काकांचा हात दोन्ही हातांत धरला.

तर अशी वेळ आली, की ज्या माणसाने बायको गेल्याचं कोणालाही सांगितलं नव्हतं, त्याला ते एकशे चाळीस लॅबना लेखी सांगावं लागलं. मी एक मसुदा करून दिला होता, 'स्टाफमधील बदलामुळे' वगैरे. काकांनी तो बाजूला ठेवला. प्रत्येक पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. पहिली ओळ सगळ्यांत तीच, 'माझी पत्नी उषा, जी तुमची सर्टिफिकेटं वाचत असे, ती वारली आहे.' सकाळपासून दुपारपर्यंत ते ही ओळ लिहीत राहायचे. पिपेटच्या पेट्या पुन्हा मोजायला आल्या, त्या मी आणि काकांनी मोजल्या आणि वाचल्या, एकमेकांच्या. निम्मी गिऱ्हाइकं सोडून गेली. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. काहींनी फुलं पाठवली. एका लॅबने दोन्ही केलं.

त्यानंतर काकांनी कंपनी माझ्या आणि डेनीसच्या नावावर करून दिली आणि ते वेंगुर्ल्याला बहिणीकडे राहायला गेले. गेल्या पावसाळ्यात तिथेच वारले. आज आमच्याकडे पाच माणसं आहेत आणि मोजणारा वाचत नाही. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मला ते दिसतात ते वेगळ्याच एका दिवसातले, पत्रांच्या शेवटच्या दिवसातले.

लांबच्या लॅबना पत्रं पोस्टाने गेली होती. जवळच्या तीसेक लॅबना आपण जाऊन सांगायचं, असा काकांचा हट्ट होता. डेनीसची पाठ धरली होती, म्हणून व्हॅन मी चालवत होते. काका मांडीवर पत्रांचं खोकं घेऊन शेजारी बसायचे, उतरायचे, आत जायचे, पाच मिनिटांनी बाहेर यायचे. मी आत जायचे नाही. शेवटचा मुक्काम डरहॅममधल्या एका जुन्या इमारतीतल्या लॅबचा होता. तिथे पार्किंग मिळेना म्हणून मी दारातच व्हॅन लावली आणि काका आत गेल्यावर त्यांचं गाडीत राहिलेलं सर्टिफिकेटांचं पाकीट द्यायला मीही मागोमाग गेले.

तिथल्या मॅनेजर बाई मिसेस हॅरिसन. सत्तरीच्या असतील. उषाताईंशी त्या गेली अकरा वर्षं मेलवर बोलत होत्या, भेटल्या कधीच नव्हत्या. मी पोचले तेव्हा त्या पत्र वाचून संपवत होत्या. चष्मा काढून त्या म्हणाल्या, "पण माझा नवरा गेला तेव्हा तिने मला लिहिलं होतं. गेल्या वर्षी. रोज लिहायची, महिनाभर. मी त्या मेलांवर जगले."

काकांनी खिशातली चार पेनं सरळ केली.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना सगळं कळलं असावं. राग येईल असं मला वाटलं होतं, यायला हरकतही नव्हती. पण त्या हळूच म्हणाल्या, "विल यू थँक हर फॉर मी?"

काकांचे ओठ हलले. दोन वर्षं ते असल्या निरोपाला सहज 'हो' म्हणत आले होते. त्यांनी काउंटरची कड धरली.

"नो मॅम," ते म्हणाले. "आय कान्ट. शी इज डेड."

कागदावर ते वाक्य त्यांनी एकशे चाळीस वेळा लिहिलं होतं. तोंडाने मी त्यांना ते त्या दिवशी दुसऱ्यांदाच म्हणताना ऐकलं, आणि या वेळी ते ओवेन्सला सांगितल्यासारखं नव्हतं. मिसेस हॅरिसन काउंटरला वळसा घालून आल्या आणि त्यांनी काकांना धरलं. काका हात खाली सोडून ताठ उभे राहिले, आणि मग त्यांनी बाहीत तोंड लपवलं. मी पाकीट काउंटरवर ठेवलं आणि बाहेर आले.

ते आले तेव्हा स्वेटरची बाही ओली होती. सीटवर बसले, पट्टा लावला, खोक्यात हात घालून तळ चाचपला.

"अजून किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"हे शेवटचं होतं, काका."

त्यांनी खोक्यात पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे आता सांगायला कोणीच उरलं नाही?"

मी नाही म्हटलं आणि गाडी सुरू केली.